दोन डबे आणि भूर्जाची वही

१

डब्यात वही नव्हती.

मेणकापडाची पुरचुंडी होती, तिला सुतळीही बांधलेली होती. पण सुतळी सोडल्यावर आतून निघाले रस्त्यांचे दोन नकाशे, वहीच्याच मापाची घडी घातलेले. वकीलसाहेबांनी ते लॉजच्या जेवणघरातल्या टेबलावर पसरले, उचलून झटकले आणि मग आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत.

वकीलसाहेब म्हणजे माझा मामेभाऊ. तो खरोखरच वकील आहे, पण घरात त्याला 'साहेब' म्हणतात ते आदरापोटी नव्हे.

"सकाळी न्याहारीनंतर बाबांनी वही डब्यात ठेवली. आईने झाकण लावलं. मी समोर होतो," तो म्हणाला. "मग हे काय?"

मामीने नकाशांच्या घड्या उलटून पाहिल्या. मामा पाठीला उशी लावून ताठ बसले होते. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या वहीबद्दल आधी सांगायला हवं. मामा सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाले. गेली बावीस वर्षं, दर शरदात, त्याच दहा दिवसांत ते डोंगरातल्या चार राष्ट्रीय उद्यानांमधून गाडीने जातात. प्रत्येक उद्यानात त्यांचं एक ठरलेलं भूर्जाचं झाड आहे आणि त्या झाडासमोर उभं राहायचा एक ठरलेला दगड. ठरलेल्या तारखेला, सकाळी अकरा वाजता दगडावर उभं राहायचं आणि झाड दहापैकी किती पिवळं झालंय त्याचे गुण द्यायचे. बस्स. पण बावीस वर्षं, चार झाडं, एकच माणूस, एकच दगड. चौथ्या उद्यानातल्या संशोधन केंद्राला अशी नोंद दुसरीकडे कुठेही मिळाली नव्हती. परवा ही वही मामांनी केंद्रातल्या बाईंच्या हातात द्यायची होती. यंदा मीही सोबत होते, कारण भौतिकशास्त्राची पदवी ताजी होती, नोकरी अजून नव्हती आणि मामी म्हणाली होती, "चल गं. गाडीत माझ्याशी बोलणारं कोणीतरी हवं. हे झाडांशी बोलतात."

दोन उद्यानं झाली होती. आज दुपारी आम्ही उंच खिंड ओलांडून तिसऱ्या उद्यानाच्या खोऱ्यात उतरलो होतो. बाईंनी फोनवर वहीच्या काही पानांचे फोटो मागितले, म्हणून वकीलसाहेबांनी डबा उघडायला घेतला. मामा म्हणाले, "राहू दे, उद्या बघू." त्याने ऐकलं नाही.

मामीचे एकसारखे दोन डबे आहेत. एकाच दुकानातले, चार बाजूंना चार खटके, झाकणाखाली रबराची पट्टी. एकात बिस्किटं, दुसऱ्यात वही. चहा येईपर्यंत मामीने बिस्किटांच्या डब्याचे खटके काढले आणि झाकण एका अंगठ्याने उचललं. "सकाळी भरल्यापासून आत्ता मुहूर्त लागतोय," ती म्हणाली. "दिवसभर कोणी एक बिस्कीट विचारलं नाही मला."

वहीचा डबा मात्र हट्टाला पेटला होता. चारही खटके काढले तरी झाकण हलेना. मध्ये ते ताटलीसारखं खोलगट झालं होतं.

"जोर नाही तुझ्यात," मामी म्हणाली. "नुसत्या जिभेला व्यायाम."

शेवटी त्याने रबराखाली चमच्याचा दांडा खुपसला. फुस्स झालं आणि झाकण निघालं. पुढचं वर सांगितलंच आहे.

"सकाळी सामान गाडीत कोणी भरलं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दारात उभं होतं. मामीची गाडीत राहिलेली शाल हातावर घेऊन आमचा ड्रायव्हर आला होता, आणि त्याने प्रश्न ऐकला होता.

२

"मी भरलं," ड्रायव्हर म्हणाला.

वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'हळूभाऊ' ठेवलं होतं. घाटात तो प्रत्येक वळणावर हॉर्न देतो, उतारावर कुठेही थांबत नाही, आणि ताशी तीसच्या वर गेला तर आपलं काही चुकलं की काय असं त्याला वाटतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

"एकट्यानेच?"

"एकट्यानेच. तुम्ही सगळे लॉजवाल्याचा निरोप घेत होता. वीस मिनिटं लागली."

"वीस मिनिटं," वकीलसाहेबांनी आमच्याकडे वळून म्हटलं. "चार बॅगा आणि दोन डब्यांना."

हळूभाऊने शाल मामीच्या खुर्चीवर ठेवली आणि तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याची स्वतःची पिशवी होती. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने ती टेबलावर उपडी केली. दोन शर्ट, दाढीचं सामान, गुडघ्याला लावायचं मलम, टायरची हवा मोजायचं यंत्र, चष्म्याची डबी. तीही उघडून दाखवली.

"बारा वर्षं लोकांच्या बॅगा उचलतोय," तो म्हणाला. "आजवर कोणाची चेन उघडलेली नाही."

मला मान वर करवेना. मामी म्हणाली, "अहो भाऊ, भरा ते परत, कोणी तुम्हाला..." पण वकीलसाहेब तोवर कॉरिडॉरमध्ये जाऊन गाडीच्या कंपनीशी बोलत होते.

पाच मिनिटांनी वकीलसाहेब परत आले. "उद्या सकाळी दहाला दुसरा ड्रायव्हर येतोय. याच्या नावावर आधीच एक तक्रार आहे. ही दुसरी. दोन तक्रारी झाल्या की कंपनी यादीतून नाव काढून टाकते."

"पहिली कसली होती?" मी हळूभाऊला विचारलं.

"गाडी हळू चालवली म्हणून," तो म्हणाला. "पाहुण्यांचं विमान चुकलं. धुकं होतं."

"जाऊ दे ना," मामा एकदम म्हणाले. "वहीच ती. त्यासाठी माणसाला कशाला..."

"वहीच ती?" मामी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहू लागली. "बावीस वर्षांत मी त्या वहीवर चहाचा कप ठेवला नाही, आणि म्हणे वहीच ती!"

हळूभाऊ एकेक वस्तू पिशवीत परत भरत होता. शर्टांच्या घड्या मोडल्या होत्या, त्या त्याने पुन्हा नीट घातल्या. ते पाहताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. कॉलेजात आमच्या सरांचं एक वाक्य होतं: संशय म्हणजे उत्तर नव्हे, प्रश्नाची सुरुवात. इथे संशयालाच उत्तर समजून एका माणसाची रोजीरोटी काढून घेतली जात होती. त्याने चोरी केलीच असेल तर ते सिद्ध व्हावं. केली नसेल तर तेही व्हावं, आणि दहाच्या आत.

घड्याळात साडेसहा झाले होते.

३

मी मामीपासून सुरुवात केली. ती खोलीत पायांना तेल लावत होती.

"आली का शंकासुर? विचार. मीही आरोपी का?"

"सगळेच आहोत. मीसुद्धा."

"मग माझ्याकडे कारण आहे हो," मामी म्हणाली. "ती वही माझी सवत आहे. बावीस शरद झाले, पानं पिकायला लागली की हे निघाले. पण सवतीला घरातून घालवायची असती, तर पहिल्या वर्षीच घालवली असती. आता तिच्याशी मैत्री झाली आहे."

"सकाळी दोन्ही डबे तूच बंद केलेस?"

"मीच. चार आणि चार, आठ खटके. मग भाऊंनी दोन्ही डबे नेऊन गाडीत मागे एकमेकांना टेकून ठेवले, ते मी संध्याकाळीच पाहिले."

"आणि खिंडीत?"

"खिंडीत तू आणि मी तळं पाहायला गेलो नाही का? तिथे तर मी अख्खी बाटली पाणी प्यायले, तूच म्हणालीस पी म्हणून." ती थांबली. "मला आज ह्यांचंच जरा वेगळं वाटतंय. दुपारपासून कॅप्टनसारखे ताठ बसलेत. एरवी पाठ दुखते म्हणून उशीवर लोळत असतात. तसे ऑपरेशन झाल्यापासून सगळंच बदललंय म्हणा. परवा पहिल्या झाडाला डोळे मारत होते! या वयात! मला कधी मारला नाही."

उन्हाळ्यात मामांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात होती. मला हसू आलं, आणि मी पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

वकीलसाहेब व्हरांड्यात होते.

"तुझ्याकडेही कारण आहे," मी म्हटलं. "वहीचं पुस्तक करायचं होतं तुला. मामांनी कागदावर सही केली नाही."

"अगं, पुस्तक करायला वही हवी ना? चोरून छापली तर पहिला संशय कोणावर येईल? मला कायदा कळतो, बरं का." त्याचा चेहरा मात्र उतरलेला होता. "मला काय आनंद वाटतो का त्याचं नाव जाऊन? पण दुसरी वेळच नाही. खिंडीत तो चाळीस मिनिटं माझ्याबरोबर परवान्याच्या रांगेत होता. गाडीचे कागद त्याच्याकडे, आपली ओळखपत्रं माझ्याकडे. एक मिनिट हलला नाही, मी हलू दिलं नाही. उतारावर आपण थांबलोच नाही. इथे पोचल्यावर डबे तू उतरवलेस. म्हणजे हात मारला तो सकाळच्या वीस मिनिटांतच."

"खिंडीत तो गाडीजवळ नव्हता, हे तू शपथेवर सांगशील?"

"कोर्टात सांगेन."

मामा लॉजच्या बैठकीत होते. खुर्ची चांगली गुबगुबीत होती, तरी पाठीमागे गाडीतली उशी होतीच.

"मामा, वही कोणी घेतली असेल असं तुम्हाला वाटतं?"

"ड्रायव्हरने नाही," ते लगेच म्हणाले.

"कशावरून?"

"त्याला काय उपयोग?" मग त्यांनी उलट मलाच विचारलं. "पहिल्या झाडाला तू किती दिले होतेस?"

"चार. तुम्ही आधी मला बोलायला लावलंत. म्हणालात, परीक्षा घेतोय."

"हं. चारच." त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या वहीमुळे माणसाची नोकरी जातेय. हे बरोबर नाही. मी उद्या कंपनीशी बोलेन."

"काय बोलाल?"

ते पाठीमागची उशी सारखी करू लागले.

शेवटी मी संशोधन केंद्रातल्या बाईंना फोन लावला. वही हरवली म्हणून सांगितलं.

"आमचा सगळा निबंध त्यावर उभा आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे मामा दरवर्षी पत्राने गुण कळवतात. एकोणीस वर्षं ते चारच्या आसपास. गेली तीन वर्षं सहा, सात, सात. एवढी उडी! झाडं आठवडाभर आधी पिवळी होतायत याचा इतका स्वच्छ पुरावा कुठेच नाही."

"बाकी ठिकाणी काय दिसतं?"

"तेच तर नवल आहे," बाई म्हणाल्या. "बाकी सगळीकडे झाडं उशिरा पिवळी होतायत."

४

सकाळी साडेआठला हळूभाऊ गाडी धूत होता. नव्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची गाडी, तरी आरसेसुद्धा पुसत होता. त्याने सीटखालचा कचरा एका पिशवीत गोळा केला होता.

"हिच्यावर कोणीतरी बसलं वाटतं," म्हणत त्याने एक रिकामी पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

मी ती परत काढली. बाटली दोन्ही बाजूंनी आत गेली होती, गाल ओढून घेतलेल्या माणसासारखी. टोपण घट्ट होतं. मामीचीच बाटली. ती तिने खिंडीत संपवली होती आणि तिथेच टोपण लावलं होतं.

मी टोपण फिरवलं. फुस्स झालं आणि बाटलीने पोट बाहेर काढलं.

तो आवाज मी काल ऐकला होता.

मी गाडीच्या पायरीवर बसले आणि खिशातल्या कागदावर लिहायला लागले. काल सकाळचा लॉज, सोळाशे मीटर. खिंड, तेहतीसशे, तिथल्या पाटीवर लिहिलेलं. हा लॉज, पंधराशे. उंचावर हवा विरळ असते. तिथे बंद केलेली बाटली खाली आणली की बाहेरची दाट हवा तिला चेपते. सोळाशेवर बंद केलेला डबा पंधराशेवर उघडला, तर त्याला रुसायचं काहीच कारण नाही. पण वहीचं झाकण ताटलीसारखं आत गेलं होतं.

म्हणजे तो डबा शेवटचा बंद झाला तो खाली नव्हे, तर वर.

"खिंडीत," मी मोठ्याने म्हणाले.

"काय खिंडीत?" हळूभाऊने विचारलं.

"भाऊ, खिंडीत तुम्ही रांगेत होता."

"हो. वकीलसाहेब खांद्याला खांदा लावून होते."

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हात उचललाच नाही. कारण हिशोब अजून पुढे जात होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. हळूभाऊ रांगेत. वकीलसाहेब रांगेत. मामी आणि मी तळ्याकाठी. बाहेरचं कोणी गाडीत शिरलं नसणार, कारण पाठ दुखते म्हणून एक माणूस पूर्ण चाळीस मिनिटं गाडीतच बसून होता.

मामा.

५

'कोणी' आणि 'कधी' माझ्या हातात होतं, पण 'का' नव्हतं. आणि 'का' नसेल तर नुसता डबा पुढे करून सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करायची माझी तयारी नव्हती. नऊ वाजले होते.

मामा लॉजच्या मागे होते. तिथे एक भूर्ज होता, त्यांच्या चारांपैकी नव्हे, असाच एक. मामा त्याच्यासमोर उभे होते. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मग तो काढून उजव्यावर ठेवला. पुन्हा डाव्यावर. मी होते त्या खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, आणि काखेत धरलेली उशी.

झाडांना डोळे मारतात, असं मामी म्हणाली होती.

"मामी, तुझी खोकल्याची गोळी दे एक."

"खोकला झाला? काल थंडीत उघड्या डोक्याने..."

"गोळी नको, तिचा कागद हवा."

त्या गोळ्यांना पारदर्शक पिवळा कागद असतो. मी तो सपाट करून डोळ्यापुढे धरला आणि भूर्जाकडे पाहिलं. कागदाशिवाय मी त्याला दहापैकी चार दिले असते. कागदातून जी पानं नुसती फिकट हिरवी होती ती पिकल्यासारखी दिसू लागली, आणि गुण सहावर गेले. कागद काढला, चार. लावला, सहा.

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं एवढंच आपण म्हणतो. पण ते पिवळंही होत जातं, इतकं हळूहळू, की ज्याचा डोळा त्यालाच कळत नाही. ऑपरेशननंतर एक डोळा स्वच्छ होतो, आणि मग शेजारचा जुना डोळा चहाडी करतो.

सहा, सात, सात. झाडं बदललीच नव्हती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नवा ड्रायव्हर वीस मिनिटं आधीच आला होता.

६

"सगळे जेवणघरात चला," मी म्हटलं. "भाऊ, तुम्हीही."

नवा ड्रायव्हर चहा घेत बाहेर थांबला. मी टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: बाटली, वहीचा डबा आणि बिस्किटांचा डबा. बाटलीची गोष्ट सांगितली, मग झाकणाची.

"तेव्हा डबा खिंडीत उघडला गेला आणि तिथेच बंद झाला. आणि खिंडीत भाऊ कुठे होते, ते वकीलसाहेब कोर्टात सांगायला तयार आहेत."

वकीलसाहेब खरंच हुशार आहे. तो म्हणाला, "हरकत आहे. डबा सकाळीच बंद झाला, असं समज. वर जाताना आतली हवा फुगून रबरातून थोडी बाहेर पडली. खाली येताना आत जाता आली नाही. तरी झाकण आत ओढलं जाईल. मग?"

"मलाही तीच शंका आली," मी म्हटलं. "म्हणून हा दुसरा डबा. तोच आकार, तेच रबर, तेवढेच खटके. एकाच वेळी, एकाच हाताने बंद केलेले, गाडीत शेजारी शेजारी ठेवलेले. तू म्हणतोस तसं झालं असतं, तर बिस्किटांचं झाकणही अडकलं असतं. काल मामीने ते कसं उघडलं?"

"अंगठ्याने," मामी म्हणाली. "एका."

वकीलसाहेबांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग हळूभाऊकडे. "मी रांगेत त्याच्या शेजारी होतो," तो हळूच म्हणाला. "त्याचा साक्षीदार मीच होतो. आणि फोनही मीच केला."

"मग खिंडीत गाडीत कोण..." मामीने बोलायला सुरुवात केली आणि तिचा आवाज मध्येच विरला.

मी मामांकडे पाहिलं नाही. पुढचं मला बोलावं लागलं नाही. मामांनी पाठीमागची उशी काढली, तिची चेन उघडली आणि आतून काळ्या कव्हरची वही बाहेर काढली.

"मी नकाशे झालेल्या उद्यानांचे ठेवले," ते म्हणाले. "पुढचे लागणार होते."

मग ते उठून हळूभाऊसमोर उभे राहिले. "काल संध्याकाळी तुम्ही पिशवी उपडी केलीत तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. लाज वाटली. माझी लाज वाचवायला मी तुमचं नाव जाऊ देत होतो. मला माफ करा."

हळूभाऊने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, तुम्ही बसा आधी," तो म्हणाला.

"अहो, पण का?" मामीने विचारलं.

मी गोळीचा पिवळा कागद तिच्या हातात दिला. मामांनी तो पाहिला आणि खिन्नपणे मान हलवली. "हिला तेही कळलेलं दिसतंय. गेली तीन वर्षं मी असल्या कागदातून पाहत होतो. पहिल्या झाडाला उजवा डोळा म्हणाला चार, डावा म्हणाला सहा. दुसऱ्या झाडालाही तेच. बाई निबंध लिहितायत माझ्या आकड्यांवर. वही दिली तर खोटं छापून येईल. खरं सांगितलं तर एकोणीस वर्षांच्या चांगल्या नोंदींवरही कोण विश्वास ठेवणार? म्हटलं, हरवलीच तर बरं. ना खोटं, ना हसं."

मी वही उघडली. यंदाच्या पानाच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलने लिहिलेलं होतं: उजवा ४, डावा ६. खाली दुसऱ्या झाडाचं: उजवा ५, डावा ७.

"मामा," मी म्हटलं, "हे तुम्ही का लिहिलंत?"

"सवय. दिसलं ते लिहायचं."

"वजनकाटा बिघडला म्हणून कोणी जुनी सगळी वजनं फेकून देत नाही. आधी काटा किती चुकतो ते पाहतात. तुमचा चुकलेला काटा अजून तुमच्याजवळ आहे, आणि शेजारी बरोबर काटाही आहे. पुढच्या महिन्यात डावा डोळा ऑपरेट झाला की हे कायमचं संपलं. हा एकच शरद असा आहे, की चूक मोजता येईल."

मामांनी बोट वहीवर ठेवलं. "डावा तीन वर्षांपूर्वी एवढा पिवळा नसेल. आणि तेव्हा मी दोन्ही डोळ्यांनी पाहत होतो."

"नसेल. म्हणून दुरुस्ती अंदाजाने होईल, आणि तो किती चुकू शकतो तेही लिहायचं. बाईंना सगळं सांगायचं. निबंध बदलेल. पण एकोणीस वर्षं उभी राहतील, आणि तीन वर्षं लंगडत का होईना, चालतील."

त्यांनी त्या कडेच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा चढवला. "किती वाजले?"

"दहाला पाच कमी."

"तिसरं झाड अकराचं आहे. फोन दे इकडे."

कंपनीशी मामा स्वतः बोलले. 'वही सापडली' एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. कोणी लपवली, कुठे लपवली, सगळं सांगितलं, आणि तक्रार मागे घेतल्याचं लेखी हवं म्हणून हट्टाला पेटले. वकीलसाहेबांनी तिथेच बसून मजकूर लिहिला आणि सही करून हळूभाऊला दिला. त्यात त्याने एक ओळ आपणहून घातली होती: चालक अत्यंत सावकाश व काळजीपूर्वक गाडी चालवतो. नवा ड्रायव्हर चहा संपवून आला तसा परत गेला.

हळूभाऊने कागद दोनदा वाचला, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि गाडी सुरू केली. ताशी तीस. कोणी एक शब्द बोललं नाही.

अकराला सहा मिनिटं असताना आम्ही तिसऱ्या झाडाशी पोचलो. उन्हात भूर्जाचं खोड खडूसारखं पांढरं दिसत होतं. मामा त्यांच्या दगडावर चढले. नव्या पानावर मी दोन रकाने आखले.

"मारा डोळा," मामी खालून म्हणाली. "आता माझी हरकत नाही."

"उजवा... चार," मामा म्हणाले. हात बदलला. "डावा, सहा."

मग ते खाली उतरले आणि मागे गाडीला टेकून उभ्या असलेल्या हळूभाऊला त्यांनी हाक मारली. "भाऊ, या. तुमचे दोन्ही डोळे कसे आहेत?"

"दूरचं चांगलं दिसतं साहेब. चष्मा वाचायला लागतो फक्त."

"मग उभे राहा इथे. आणखी एक साक्षीदार हवा मला."

मी तिसरा रकाना आखला. हळूभाऊ दगडावर उभा राहिला. त्याने झाड वरून खाली पाहिलं, मग खालून वर. पानं सळसळली, थांबली. मिनिट झालं. दुसरंही व्हायला आलं.

"काय हो," वकीलसाहेब म्हणाला, "एका आकड्याला एवढा वेळ?"

"साडेचार," हळूभाऊ म्हणाला. "चार म्हणून मोकळा झालो असतो, साहेब. पण घाईत हा अर्धाच चुकतो."

मामा हसले. कालपासून पहिल्यांदाच ते पाठ वाकवून, सैल उभे होते.

मी साडेचार लिहिलं.